विश्लेषण : शेजाऱ्यांचा विरोध असूनही ‘हॉलिडे होम’ला परवाना कसा मिळतो? एडिनबरातील वादातून गोवा-महाराष्ट्राने काय शिकावे?

शेजारचा फ्लॅट पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने दिला जातो. दर दोन-तीन दिवसांनी नवे पाहुणे येतात. मध्यरात्री चाकांच्या बॅगा जिन्यावर आपटतात, चुकीच्या घराची बेल वाजते, कचरा जिन्याखाली साचतो. रहिवासी एकत्र येऊन लेखी हरकत घेतात. तरीही काही आठवड्यांनी त्या फ्लॅटला अधिकृत परवाना मिळतो. ‘मग आमच्या सह्यांना अर्थ काय?’ हा प्रश्न स्कॉटलंडची राजधानी एडिनबरामध्ये गेली काही वर्षे विचारला जात आहे. आसगाव, लोणावळा किंवा अलिबागच्या रहिवाशांनाही तो परका वाटणार नाही. परवाना देणारी यंत्रणा शेजाऱ्यांचे ऐकते की फक्त ऐकल्यासारखे करते, याचा हा आढावा.

एडिनबरामध्येच हा वाद इतका का पेटला?

एडिनबराच्या जुन्या भागांत ‘टेनेमेंट’ पद्धतीच्या इमारती मोठ्या संख्येने आहेत. दगडी बांधकाम, चार-पाच मजले, एकच मुख्य दरवाजा, एकच जिना आणि प्रत्येक मजल्यावर दोन-तीन घरे. अशा इमारतीत एका घरातील वर्दळ सगळ्यांना जाणवते. जिन्यातला आवाज वरपर्यंत घुमतो. मुख्य दरवाजा सामायिक असल्याने त्याची चावी किंवा कोड दर आठवड्याला नव्या अनोळखी माणसांच्या हाती जातो.

दुसरीकडे, दर ऑगस्टमध्ये भरणाऱ्या महोत्सवांमुळे शहराला पर्यटकांसाठी मोठ्या प्रमाणावर खोल्या लागतात. ऑनलाइन बुकिंग मंचांमुळे घर दिवसाच्या भाड्याने देणे सोपे झाले आणि एरवी भाडेकरूंना मिळाली असती अशी अनेक घरे पर्यटकांकडे वळली. घरटंचाई वाढत गेली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एडिनबरा महापालिकेने शहरात ‘गृहनिर्माण आणीबाणी’ जाहीर केली. टंचाईला पर्यटकांची घरे हे एकमेव कारण नाही. पण शेजाऱ्यांच्या तक्रारीला त्यामुळे धार आली. ‘आमची झोप जाते’ या तक्रारीत ‘आमच्या मुलांना घर मिळत नाही’ याची भर पडली. पुढच्या कायदेशीर लढाईत मात्र या दोन तक्रारींचे भवितव्य अगदी वेगळे ठरले.

परवान्याचा कायदा काय सांगतो?

स्कॉटलंडमध्ये टॅक्सी, फेरीवाले अशा अनेक व्यवसायांना १९८२ च्या नागरी प्रशासन कायद्याखाली परवाना लागतो. २०२२ मध्ये एका आदेशाद्वारे अल्पकालीन भाड्याची घरेही याच कायद्याच्या कक्षेत आली. नव्या घरमालकांना १ ऑक्टोबर २०२२ पासून परवान्याशिवाय पाहुणे ठेवता येत नाहीत. आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना अर्जासाठी १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुदत होती. विनापरवाना व्यवसाय केल्यास अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायदा सगळ्या घरांना एकाच मापाने मोजत नाही. मालक स्वतः राहत असलेल्या घरातील खोली देणे, मालक सुट्टीवर गेला असताना स्वतःचे घर देणे आणि मालक कधीच राहत नाही असे दुसरे घर पूर्णवेळ पर्यटकांसाठी ठेवणे, हे वेगवेगळे प्रकार मानले जातात. तिसऱ्या प्रकाराला ‘सेकंडरी लेटिंग’ म्हणतात. शेजाऱ्यांचा राग प्रामुख्याने याच प्रकारावर आहे, कारण गोंधळ झाला तर दार ठोठवायला मालक तिथे नसतो.

परवान्यासोबत अनिवार्य अटी येतात. आगीची सूचना देणारी उपकरणे, गॅस आणि विजेची सुरक्षा तपासणी, पाहुण्यांची कमाल संख्या, किमान ५० लाख पौंडांचा सार्वजनिक दायित्व विमा आणि प्रत्येक जाहिरातीत परवाना क्रमांक, अशी ही यादी आहे. पाहुण्यांच्या जिवाची काळजी घेणे हा कायद्याचा पहिला हेतू या यादीतून स्पष्ट दिसतो. शेजाऱ्यांचा क्रमांक त्यानंतर लागतो.

शेजाऱ्यांना हरकत कशी घेता येते?

अर्जदाराला घराजवळ, लोकांना वाचता येईल अशा जागी, २१ दिवस सूचनाफलक लावावा लागतो. हरकत घेण्यासाठी २८ दिवस मिळतात. हरकत लेखी हवी. त्यावर नाव, पत्ता आणि सही हवी आणि हरकतीचे कारण नेमके नोंदवलेले हवे. निनावी पत्र चालत नाही. हरकतीची प्रत अर्जदाराला दिली जाते. म्हणजे हरकत कोणी घेतली, हे शेजारच्या मालकाला कळते. अनेकांचा हात इथेच आखडतो.

मुदतीनंतर आलेली हरकत उशिराचे पुरेसे कारण असेल तरच विचारात घेता येते. पोलीस आणि अग्निशमन दलाचेही म्हणणे मागवले जाते. हरकती आल्या की प्रकरण नगरसेवकांच्या परवाना समितीपुढे जाऊ शकते आणि दोन्ही बाजूंना बोलण्याची संधी मिळते.

एक तरतूद सहसा लक्षात येत नाही. महापालिकेला ठरावीक मुदतीत निर्णय द्यावाच लागतो. तो वेळेत झाला नाही, तर अर्जदाराला एक वर्षासाठी परवाना मिळाला असे मानले जाते. यंत्रणेच्या दिरंगाईचा फायदा इथे अर्जदाराला मिळतो, हरकतदाराला नाही.

हरकती भरपूर, तरीही परवाना का?

परवाना समितीपुढील सुनावणी म्हणजे मतदान नव्हे, हे याचे साधे उत्तर आहे. वीस रहिवाशांनी एकाच मजकुरावर सह्या केल्या, तरी कायद्याच्या दृष्टीने ती वीस मते ठरत नाहीत. ते एकच कारण वीसदा मांडलेले असते.

परवाना नाकारण्याची कारणे कायद्यात ठरलेली आहेत. अर्जदार ‘योग्य आणि पात्र’ व्यक्ती नसणे. अपात्र व्यक्तीने दुसऱ्याला पुढे करून व्यवसाय चालवणे. जागेचे ठिकाण, स्वरूप किंवा स्थिती, व्यवसायाचे स्वरूप आणि व्याप, तिथे येणारी माणसे यांचा विचार करता ती जागा अयोग्य ठरणे. सार्वजनिक उपद्रव, सुव्यवस्था किंवा सुरक्षेचा धोका असणे. किंवा अन्य कोणतेही सबळ कारण असणे. यांपैकी एकही कारण सिद्ध झाले नाही, तर समितीने परवाना द्यायलाच हवा. सदस्यांची सहानुभूती शेजाऱ्यांकडे असली, तरी तेवढ्यावर नकार देता येत नाही.

म्हणजे सुरुवात अर्जदाराच्या बाजूने होते. नकाराचे कारण दाखवण्याचा भार विरोध करणाऱ्यावर येतो. बहुतेक रहिवासी मात्र सुनावणीला येतात ते उलट समजुतीने. आम्हाला नको आहे, तर मालकाने त्याची गरज सिद्ध करावी, असे त्यांना वाटते.

कोणती हरकत टिकते आणि कोणती पडते?

समजा, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरील फ्लॅटसाठी अर्ज आला आहे. रहिवाशांच्या संभाव्य हरकती पाहू.

● ‘या गल्लीत आधीच अशी दहा घरे आहेत.’ : ही हरकत ऐकायला वजनदार वाटते, पण परवान्याच्या टप्प्यावर ती दुबळी ठरते. एखाद्या भागात अशा घरांची संख्या फार झाली, एवढ्या कारणावरून परवाना नाकारण्याचा अधिकार महापालिकांना देण्याचा प्रस्ताव मूळ मसुद्यात होता. २०२१ मध्ये स्कॉटलंड सरकारने तो वगळला.

● ‘शहरात घरे मिळत नाहीत.’ : मुद्दा खरा असला, तरी तो त्या विशिष्ट अर्जदाराच्या पात्रतेचा किंवा त्या जागेच्या सुरक्षेचा नाही. त्याची जागा नियोजन परवानगीच्या टप्प्यात आहे. त्याकडे पुढे येऊ.

● ‘इथे पार्ट्या होतील, अशी भीती वाटते.’ : केवळ भीती पुरत नाही. अर्जदार नवा असेल आणि त्याने घराचे नियम, पाहुण्यांची मर्यादा आणि तातडीचा संपर्क क्रमांक दिला असेल, तर समितीचा कल ‘अटी घालू आणि पाहू’ याकडे जाऊ शकतो.

● ‘अमुक तारखेला रात्री पावणेदोन वाजता गोंधळ झाला, मालकाला तीनदा फोन केला, उत्तर आले नाही, पोलिसांत नोंद आहे.’ : ही हरकत वजनदार आहे. ती थेट ‘उपद्रव’ आणि ‘योग्य व्यक्ती’ या दोन कारणांना भिडते. तारीख, वेळ आणि नोंद यांमुळे ती ऐकीव राहत नाही.

● ‘जिन्यातली आग-सुटकेची वाट सामानाने अडते.’ : छायाचित्र असेल तर हा सुरक्षेचा मुद्दा आहे आणि अग्निशमन दलाच्या अभिप्रायाशी तो जोडता येतो.

थोडक्यात, शेजाऱ्याच्या दुःखाची तीव्रता मोजण्याची सोय या यंत्रणेत नाही. नोंदी तपासण्याची सोय आहे. ज्याने वर्षभर मुकाट्याने सोसले, त्याच्याकडे सुनावणीच्या दिवशी दाखवायला काहीच नसते.

महापालिकेने शेजाऱ्यांची बाजू घेतली, तेव्हा काय झाले?

एडिनबरा महापालिकेने आपल्या परवाना धोरणात एक कडक नियम आणला होता. टेनेमेंट किंवा सामायिक दरवाजा असलेल्या इमारतीतील ‘सेकंडरी लेटिंग’ अयोग्य आहे, असे आधीच गृहीत धरायचे. परवाना हवा असेल तर अर्जदाराने ते गृहीतक खोडून काढायचे. म्हणजे सिद्धतेचा भार उलटा फिरवायचा. रहिवाशांना नेमके हेच हवे होते.

काही घरमालक न्यायालयात गेले. जून २०२३ मध्ये स्कॉटलंडच्या ‘कोर्ट ऑफ सेशन’मध्ये न्यायमूर्ती लॉर्ड ब्रेड यांनी हे गृहीतक बेकायदा ठरवले. जमिनीवर गालिचा किंवा तत्सम आच्छादन सक्तीचे करणारी सरसकट अट आणि ‘सेकंडरी लेटिंग’साठी तात्पुरत्या परवान्याची सोय न ठेवणे, हे भागही टिकले नाहीत. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासणे ही परवाना प्राधिकरणाची जबाबदारी आहे. घर टेनेमेंटमध्ये आहे एवढ्यावरून उत्तर आधीच ठरवून ठेवणे त्या चौकटीत बसत नाही. शिवाय ते गृहीतक कसे खोडून काढायचे, याबद्दल धोरणात पुरेशी स्पष्टता नव्हती.

निकाल घरमालकांचा विजय म्हणून गाजला, पण त्याचा अर्थ मर्यादित होता. टेनेमेंटमधील घरांना नकार देताच येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले नाही. नकार द्यायचा तर त्या घरापुरते, त्या अर्जापुरते कारण हवे, एवढाच त्याचा आशय होता. महापालिकेला धोरण बदलावे लागले आणि शेजाऱ्यांची जबाबदारी वाढली. ‘आमची इमारतच अशी आहे’ हे सांगून भागेना. या घरामुळे काय घडले, ते दाखवणे भाग पडले.

नियोजन परवानगीचे दुसरे दार काय आहे?

एडिनबरामध्ये घरमालकाला दोन दारे पार करावी लागू शकतात. परवाना हे एक, नियोजन परवानगी हे दुसरे. पहिल्या दारात ‘हा माणूस आणि ही जागा सुरक्षित आहे का?’ असे विचारले जाते. दुसऱ्या दारातला प्रश्न ‘या ठिकाणी घराऐवजी पर्यटक निवास असावा का?’ असा असतो.

५ सप्टेंबर २०२२ पासून संपूर्ण एडिनबरा शहर अल्पकालीन भाड्याच्या घरांसाठी ‘नियंत्रण क्षेत्र’ आहे. मालकाचे मुख्य राहते घर नसलेले संपूर्ण घर पर्यटकांसाठी वापरायला घेतले, तर तो जागेचा वापरबदल मानला जातो आणि त्याला परवानगी लागते. मार्च २०२४ मध्ये हायलँड भागातील बेडनॉक आणि स्ट्रॅथस्पे हा परिसरही असे नियंत्रण क्षेत्र झाला.

शेजाऱ्यांचे जे मुद्दे पहिल्या दारात चालत नाहीत, ते इथे चालतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये लागू झालेल्या स्कॉटलंडच्या राष्ट्रीय नियोजन आराखड्यात ते स्पष्ट आहे. परिसरातील राहणीमानावर किंवा वस्तीच्या स्वरूपावर अस्वीकार्य परिणाम होत असेल, किंवा राहते घर गमावल्याची भरपाई स्थानिक आर्थिक लाभातून होत असल्याचे दाखवता येत नसेल, तर अशा प्रस्तावाला पाठिंबा देऊ नये, असे हा आराखडा सांगतो. सामायिक जिना, रात्रीची वर्दळ आणि घरटंचाई हे तिन्ही मुद्दे इथे थेट लागू होतात. सामायिक जिन्याच्या इमारतींतील अनेक अर्ज याच दारात अडले.

इथेही न्यायालयाने एक रेघ ओढली. डिसेंबर २०२३ च्या निकालानुसार नियंत्रण क्षेत्राचा नियम मागील तारखेपासून लागू होत नाही. ५ सप्टेंबर २०२२ च्या आधीपासून घर पर्यटकांना दिले जात असेल, तर तो ‘लक्षणीय’ वापरबदल होता का, हे त्या-त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरवावे लागते. परिणामी, एकाच जिन्यावरील दोन सारख्या घरांना वेगवेगळे नियम लागू होऊ शकतात आणि शेजाऱ्यांना तो निव्वळ अन्याय वाटतो.

घरमालकांची बाजू काय?

या व्यवसायात सगळेच मोठे गुंतवणूकदार नाहीत. निवृत्तीनंतरची मिळकत म्हणून एक घर ठेवलेले, आई-वडिलांचे घर विकण्याऐवजी भाड्याने देणारे, महोत्सवाच्या महिन्यात स्वतःचे घर देऊन वर्षाचा काही खर्च भागवणारेही आहेत. साफसफाई, दुरुस्ती, धुलाई करणाऱ्यांचे पोट यावर चालते. वर्षानुवर्षे तक्रारीविना व्यवसाय करणाऱ्याला केवळ शेजाऱ्याची नापसंती म्हणून तो बंद करायला लावणे योग्य आहे का, असा त्यांचा सवाल आहे.

या सवालात तथ्य आहे. हरकतींच्या संख्येवर परवाने ठरू लागले, तर उद्या इमारतीतील जुन्या भांडणाचा किंवा परक्याबद्दलच्या नावडीचा सूडही त्याच मार्गाने उगवला जाईल. भारतात घर भाड्याने देताना आडनाव आणि आहार विचारणाऱ्या सोसायट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा धोका वेगळा समजावून सांगायला नको. नकाराची कारणे कायद्यात बांधून ठेवण्यामागे हेही एक कारण आहे.

परवाना मिळाला म्हणजे शेजारी हरले का?

नाही. शेजाऱ्याच्या हाती असलेली महत्त्वाची साधने उलट परवान्यानंतरच सुरू होतात.

पहिले साधन म्हणजे अटी. हरकतींमुळे परवाना अडला नाही, तरी त्याला जादा अटी जोडल्या जाऊ शकतात. पाहुण्यांचे पहिले आगमन आणि शेवटचे निर्गमन रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत होऊ नये यासाठी मालकाने वाजवी काळजी घ्यावी, अशी नमुना अट स्कॉटलंड सरकारच्या मार्गदर्शिकेत आहे. ज्याची झोप मोडते, त्याच्यासाठी ही एक ओळ संपूर्ण नकाराइतकीच मोलाची ठरू शकते.

दुसरे साधन म्हणजे तक्रार. विनापरवाना घराबद्दल तक्रार करायची, तर आधी मालक शोधावा लागतो. परवानाधारक घराचा मालक नोंदीवर असतो, त्याचा क्रमांक जाहिरातीत असतो, अटी लेखी असतात. अट मोडली तर महापालिका नोटीस बजावू शकते, परवाना निलंबित करू शकते.

तिसरे साधन नूतनीकरण. परवाना कायमचा नसतो. त्याची मुदत संपली की पुन्हा अर्ज आणि पुन्हा हरकतीची संधी. या वेळी समितीपुढे अंदाज नसतात, मधल्या काळाची नोंद असते.

चौथे साधन अपील. मुदतीत हरकत घेतलेल्या व्यक्तीला निर्णयाची कारणे मागता येतात आणि २८ दिवसांत शेरीफ न्यायालयात दाद मागता येते. त्यासाठी ‘निर्णय आवडला नाही’ एवढे पुरत नाही. कायद्याची चूक, चुकीच्या तथ्यावरचा निर्णय, नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा विवेकाधिकाराचा अवाजवी वापर यांपैकी काहीतरी दाखवावे लागते. खर्चाचा विचार करता हा मार्ग सामान्य शेजाऱ्याला सहज परवडणारा नाही, हेही खरे.

इतर देशांनी शेजाऱ्यांना जास्त अधिकार दिले आहेत का?

काहींनी दिले आहेत. स्पेनमध्ये ३ एप्रिल २०२५ पासून नवा नियम लागू झाला. अनेक मालकांच्या सामायिक इमारतीत फ्लॅट पर्यटकांना द्यायचा असेल, तर त्याआधी मालकांच्या संघाची तीन-पंचमांश बहुमताने मान्यता लागते. स्कॉटलंडमध्ये शेजारी हरकत घेतो; स्पेनमध्ये तो मत देतो. आधीपासून नियमानुसार सुरू असलेल्या घरांवर मात्र याचा परिणाम होत नाही. बार्सिलोनाने याहून पुढे जाऊन शहरातील १०,१०१ पर्यटक फ्लॅटचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर सुरू न ठेवण्याची घोषणा जून २०२४ मध्ये केली.

फ्रान्सने २०२४ च्या अखेरीस कायदा बदलला. काही प्रकारच्या इमारतींत सहमालकांना दोन-तृतीयांश बहुमताने अशा वापराला मनाई करता येते. न्यूयॉर्कने ५ सप्टेंबर २०२३ पासून नोंदणीची कडक अंमलबजावणी सुरू केली. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्कामासाठी यजमान स्वतः घरात हवा आणि पाहुणे दोनच. इमारतीच्या मालकाला आपली संपूर्ण इमारत प्रतिबंधित यादीत टाकून घेता येते.

या सगळ्यांत एक साम्य आहे. शेजाऱ्यांना खरी ताकद मिळाली ती एकेका अर्जाच्या सुनावणीत नव्हे, तर अर्ज येण्यापूर्वीच्या नियमात. परवान्याच्या टेबलावर पोहोचेपर्यंत बहुतेक गोष्टी ठरून गेलेल्या असतात.

गोवा आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

गोव्यात पर्यटकांना निवास देणाऱ्या व्यवसायाची पर्यटन खात्याकडे नोंदणी १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली होते. योगायोगाने स्कॉटलंडचा मूळ परवाना कायदाही १९८२ चाच. कांदोळी, हणजूण, आसगाव, शिवोली या पट्ट्यात आज जे व्हिला भाड्याने दिले जातात, त्यांची कल्पना तेव्हा कोणी केली नसेल. पाण्याचे टँकर, अरुंद रस्त्यांवरील गाड्या, कचरा आणि रात्रीचे संगीत या तिथल्या नेहमीच्या तक्रारी.

महाराष्ट्रात पर्यटन यंत्रणेची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. केंद्राच्या अशाच योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे अपेक्षित आहे आणि मर्यादा सहा खोल्या किंवा १२ खाटांची आहे. म्हणजे स्कॉटलंडच्या भाषेत हा पहिला, सौम्य प्रकार. वाद ज्यावरून होतात तो प्रकार वेगळा आहे : मालक मुंबई-पुण्यात, बंगला लोणावळ्यात किंवा अलिबागला आणि किल्ल्या केअरटेकरकडे. होमस्टे वाढवण्याकडे सरकारचा कल आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. अशी घरे वाढणार, तेव्हा त्यांच्या शेजारी राहणारेही वाढणार.

सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्यांचा आधार म्हणजे उपविधी. महाराष्ट्राच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट भाड्याने देण्यासाठी संस्थेची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवावे लागते. ही तरतूद वर्ष-अकरा महिन्यांच्या भाडेकरूचा विचार करून केलेली आहे. दर शुक्रवारी बदलणाऱ्या पाहुण्यांना ती कशी लावायची, हा प्रश्न उरतो. इतर सभासदांना उपद्रव होईल असे वर्तन करू नये, हा नियम मात्र उपविधींत आहे आणि संस्था-सभासद वादासाठी सहकार कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयाचा मार्ग आहे.

आवाजाबाबत २००० चे ध्वनिप्रदूषण नियम देशभर लागू आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परदेशी पाहुणा आला, तर त्याची माहिती २४ तासांत द्यावी लागते. थोडक्यात, नियम तुकड्या-तुकड्यांत आहेत. पण घराजवळ २१ दिवस फलक लावून ‘इथे पर्यटक निवास सुरू होत आहे, कोणाची हरकत आहे का?’ असे शेजाऱ्याला आधी विचारणारी आणि मग समोरासमोर सुनावणी घेणारी स्कॉटलंडसारखी व्यवस्था आपल्याकडे रुळलेली नाही. शेजारी यंत्रणेला भेटतो तो बहुधा मध्यरात्री पोलिसांना फोन लावताना.

मग रहिवाशांनी काय करावे?

एडिनबराच्या अनुभवातून तीन गोष्टी आपल्याकडेही उपयोगी पडतात.

एक, नोंद ठेवा. तारीख, वेळ, काय घडले, कोणाला कळवले, उत्तर काय आले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा संताप दुसऱ्या दिवशी वाहून जातो. कार्यालयाच्या आवक नोंदवहीतील अर्ज राहतो.

दोन, तक्रार योग्य दारात न्या. आवाज आणि धोका यासाठी पोलीस आणि अग्निशमन यंत्रणा, घराच्या वापरासाठी स्थानिक स्वराज्य संस्था, नोंदणीसाठी पर्यटन खाते आणि सामायिक जागेसाठी संस्था. सगळे मुद्दे एकाच पत्रात घातले, तर प्रत्येक कार्यालय ते दुसऱ्याकडे ढकलते.

तीन, ‘बंद करा’ हा शब्द शेवटी ठेवा. आधी अटी मागा : पाहुण्यांची कमाल संख्या, रात्रीच्या आगमनाची वेळ, दहा मिनिटांत प्रतिसाद देईल असा स्थानिक माणूस, कचऱ्याची ठरलेली जागा. जबाबदार मालक यातले बहुतेक मान्य करतो. जो मान्य करत नाही, त्याच्याविरुद्ध तोच नकार पुढे पुरावा ठरतो.

पुढे काय?

एडिनबरामध्ये २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामांवर ५ टक्के पर्यटक कर लागू करण्याचा निर्णय झालेला आहे आणि तो अल्पकालीन भाड्याच्या घरांनाही लागू आहे. परवाना, नियोजन आणि कर या तिन्ही मार्गांनी शहर पर्यटनाची किंमत ठरवू पाहत आहे. ती किंमत आजवर सामायिक जिन्यावर राहणारे रहिवासी मोजत होते.

गोवा आणि महाराष्ट्राला पूर्ण व्यवस्था उसनी घेण्याची गरज नाही. मालक राहत असलेले घर आणि केवळ धंद्यासाठी ठेवलेले घर यांत फरक करणे, परवान्यापूर्वी शेजाऱ्याला कळवणे, नकाराची कारणे आधी जाहीर करणे आणि परवाना क्रमांक जाहिरातीत छापायला लावणे, एवढ्यानेही बरेच साधेल. शेजाऱ्याला नकाराधिकार द्यायचा की नाही, यावर देशोदेशी मतभेद आहेत आणि राहतील. पण परवाना देण्यापूर्वी त्याला विचारायचे आणि निर्णयाचे कारण लेखी द्यायचे, यात कोणत्याही सरकारला अडचण वाटण्याचे कारण नाही.